निवृत्तीनंतर राहायला भुसावळ का निवडलं

माझे यजमान रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, पाठोपाठ मीही शाळेतून. कल्याणचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मुलगी सुरतेला, मुलगा पुण्याला. दोघांनीही "आमच्याकडे या" म्हटलं आणि मनापासून म्हटलं, पण आम्हाला आमचं स्वतंत्र बिऱ्हाड हवं होतं आणि ते खान्देशातच हवं होतं. यांचं गाव अमळनेर तालुक्यात, माझं माहेर पारोळ्याकडे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाहीतर श्रावणातल्या कानबाईच्या सणाला जायचं, रोट-पुरण खायचं आणि रजा संपली की परतीची गाडी धरायची, एवढाच गावाशी संबंध उरला होता.

खान्देशात म्हणजे नेमकं कुठे, यावर मात्र घरात बरेच दिवस खल चालला. आमच्या वयाची कितीतरी जोडपी आज याच विचारात आहेत, म्हणून आम्ही हे कसं ठरवलं ते सविस्तर लिहिते आहे. आम्हाला ज्या कसोटीने उत्तर मिळालं ती घराघरांत मनात असते, पण तोंडाने कोणी बोलत नाही.

ती अशी: दोघं आहोत तोवर कुठेही निभेल. दोघांपैकी एक गेल्यावर जो मागे राहील, त्याला एकट्याने जिथे राहता येईल ते गाव निवडायचं.

हे मी शिकले माझ्या मावशीकडून. काकांनी हौसेने शहराबाहेर, हमरस्त्यापासून आत एका नव्या कॉलनीत बंगला बांधला. पुढे झाडं, मागे झाडं, हवा सुरेख. काका स्कूटर चालवायचे तोवर सगळं छान होतं. ते गेले आणि मावशीला साधी बीपीची गोळी आणायची तरी कोणाला तरी फोन करावा लागे. भाजीवाला तिथपर्यंत येत नसे, रिक्षावाला परतीचं भाडं मिळणार नाही म्हणून नको म्हणे. बंगला होता, पैसा होता, मुलं चांगली होती, आणि तरी ती बाई तिथे राहू शकली नाही.

मी यांना म्हटलं, "अहो, प्रत्येक गावात आपण हेच विचारायचं. तुम्ही नसताना मला इथे जमेल का, आणि मी नसताना तुम्हाला."

"आत्ताच कशाला असलं बोलतेस?" हे आधी म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसले आणि स्वतःच म्हणाले, "सिग्नलचंही तेच असतं. बिघडला तर तो आपोआप लाल व्हावा, अशीच सगळी रचना केलेली असते. चालू असताना कसा दिसतो याला महत्त्व नाही." त्यानंतर हा विषय आमच्यात अवघड राहिला नाही.

पहिला हट्ट अर्थातच गावच्या घराचा. जुनं धाब्याचं घर, जाड भिंतींचं, वैशाखातही आत गारवा. धाकटे दीर तिथेच शेती करतात. ते म्हणाले, "वहिनी, घर शे, वावर शे, मंग भाडाना घरमा कसाले ऱ्हातस?" त्यांच्या बोलण्यात माया होती आणि मला ती आजही जाणवते. पण धाब्यावर दर पावसाळ्याआधी माती टाकायची, गळती बघायची, ते काम आता त्यांच्याच्याने होत नाही तर आमच्याने कुठून होणार? एसटी गावात ठरावीक वेळेलाच येते. रात्री छातीत दुखलं तर दिरांच्या मोटरसायकलवर बसून तालुक्याला जायचं. दीर आहेत तोवर हे चालेल, पण तेही आमच्याच वयाचे होत आले आहेत. गाव आम्ही सणासुदीसाठी ठेवलं.

यांच्या एका मित्राने तोरणमाळ सुचवलं. सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, यशवंत तलाव, चहूकडे हिरवं. दोन दिवस राहायला त्याच्यासारखी जागा खान्देशात नाही. पण खाली शहाद्याला उतरायचं म्हणजे सगळा घाट. तो विचार तिथेच संपला.

शिरपूर मला मनापासून आवडलं. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी त्या तालुक्यात नाले खोल-रुंद करून, त्यांवर बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं, ते काम ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून सगळीकडे माहीत आहे. शहर नीटनेटकं आहे. पण शिरपूरला रेल्वे नाही. सगळा भरवसा मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या बसवर. बसची पायरी चढताना माझे गुडघे आत्ताच बोलतात. रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या बायकोचा हा पक्षपात समजा हवं तर, पण म्हातारपणी लांबच्या प्रवासाला रेल्वेच बरी. पाय मोकळे करता येतात आणि संडास असतो, आणि साठीनंतर ही दुसरी गोष्ट फार मोठी असते.

धुळ्याचे जुन्या आखणीचे सरळ रस्ते, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, राजवाडे संशोधन मंडळ, सगळं जमेचं. पण तिथेही रेल्वे आहे ती चाळीसगावहून आलेली फाट्याची लाइन. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे, तो धुळ्यावरून जाईल आणि तेव्हा धुळ्याचं चित्र बदलेल. आमच्या वयात मात्र होणाऱ्या गोष्टींवर घर बांधता येत नाही.

चाळीसगाव मुख्य मार्गावर. स्टेशनाजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे, ते मी दोनदा पाहिलं आहे आणि पुन्हा पाहीन. तिथे एक घर जवळजवळ ठरलंच होतं. सहज म्हणून शेजारच्या आजींना विचारलं, "२०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. त्या वर्षी ३१ ऑगस्टला तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेला पूर सगळ्या खान्देशाला आठवतो. ते घर आम्ही सोडलं. नदीकाठच्या कुठल्याही गावात घर बघताना हा प्रश्न विचारावाच आणि तो दलालाला विचारू नये. जुन्या शेजाऱ्यांना विचारावा.

आता अमळनेर. याबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण माझं मन तिथे होतं. साने गुरुजी जिथे शिकवायचे ते प्रताप हायस्कूल, प्रताप महाविद्यालय, १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, गुरुजींच्या नावाचं वाचनालय. वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो तेव्हा बोरी नदीच्या पात्रात जत्रा भरते. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन तिथे झालं तेव्हा मी बहिणीकडे उतरून तिन्ही दिवस मांडवात बसले होते. बहीण तिथेच राहते. तिच्या घरापासून चालत वाचनालय, चालत भाजीबाजार. मागे मीच राहिले तर अमळनेरसारखं गाव नाही, असं मी यांना सांगितलं, आणि तो माझा खरा विचार होता.

यांनी एकच विचारलं, "आणि मी राहिलो तर?"

यांना मधुमेह आहे, एक अँजिओप्लास्टी झालेली आहे. अमळनेरात दवाखाने आहेत, चांगले डॉक्टर आहेत. पण हृदयाचं किंवा मेंदूचं काही मोठं झालं तर जळगावला नाहीतर धुळ्याला न्यावं लागतं, हे आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी सांगितलं. सोबत कोणी असेल तर तो रस्ता होऊन जाईल. एकट्या माणसाला रात्री अडीचला गाडी कोण ठरवून देणार? शिवाय बहीण माझी. माझ्या पश्चात तिच्या घरी हे किती जातील? यांचा स्वभाव बघता फारसे नाही. म्हणजे अमळनेर माझ्यासाठी होतं, दोघांसाठी नव्हतं.

जळगावात मोठी खासगी रुग्णालयं आहेत, २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सकाळी फिरायला मेहरूण तलाव आहे. आम्हाला परवडणारे फ्लॅट मिळाले ते वरच्या मजल्यांवरचे नाहीतर महामार्गापलीकडच्या नव्या वस्त्यांतले. म्हणजे पुन्हा मावशीचीच गोष्ट. जळगाव पूर्ण सोडलंही नाही आणि धरलंही नाही, असं काही दिवस राहिलं.

या सगळ्या काळात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. घरं बघायला आम्ही गेलो ते उन्हाळ्यात. खान्देश दिवाळीनंतर कोणालाही आवडेल. शेतात भरताची वांगी, कळण्याची भाकरी, शेकोटी, निरभ्र आकाश. खरं गाव कळतं ते मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा. भर दुपारी रस्त्यावर कोण आहे, कोणतं दुकान उघडं आहे, औषधाचं दुकान किती वाजता पुन्हा उघडतं, वीज गेली तर किती वेळ जाते, हे सगळं मेमध्ये बघावं.

आणि पाणी. आमच्याकडे "पाणी रोज येतं का" असं विचारत नाहीत, "पाणी किती दिवसाआड येतं" असं विचारतात. उत्तर गावागावाला वेगळं, आणि एकाच गावात वॉर्डावॉर्डाला वेगळं. उन्हाळ्यात अंतर वाढतं. हे पुरुषांना विचारून उपयोग नाही, नळावर उभ्या असलेल्या बाईला विचारायचं. ती दिवस सांगते, वेळ सांगते, मोटर लावल्याशिवाय पाणी चढतं का तेही सांगते. उन्हाळ्याचा आणि पाण्याचा प्रश्न इथे वेगळा काढता येत नाही. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कल्याणच्या दमट उकाड्यापेक्षा मला तर हा उन्हाळा सोसतो. पण मेमध्ये चालू राहिलेला कूलर दिवसभरात कित्येक बादल्या पाणी पितो. टाकी लहान असेल तर कूलर असून नसल्यासारखा. आणि जूनमध्ये आभाळ भरून येतं पण पाऊस पडत नाही, त्या दिवसांत कूलरचा काही उपयोग होत नाही, तेव्हा पंख्यावरच काढावं लागतं. हे नव्याने येणाऱ्याला कोणी सांगत नाही.

भुसावळचं नाव यांनी काढलं तेव्हा सगळ्यांनी विरोध केला. मुलगा म्हणाला, "आई, तिथे फक्त ऊन आहे." बहीण म्हणाली, भुसावळला गाडी बदलायला जातात, राहायला नाही. मीही फार उत्साहात नव्हते. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र जवळ, धूळ, मालगाड्यांचा आवाज. पण यांच्याकडे कारणं होती, आणि ती एकेक तपासली तेव्हा मला पटत गेली.

पहिलं म्हणजे रेल्वेचं विभागीय रुग्णालय. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून आम्ही रेल्वेच्या आरोग्य योजनेत आहोत. तपासणी, रोजची औषधं तिथे मिळतात, आणि गरज पडली तर ते पुढे पाठवतात. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की ही सोय यांच्या पश्चात मलाही चालू राहते. कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, प्रवासाचा विडो पासही मिळतो. म्हणजे मी मागे राहिले तर ज्या कागदांवर माझं आयुष्य चालेल, ते कागद ओळखणारं कार्यालय आणि दवाखाना याच गावात आहे.

दुसरं कारण मला स्टेशनाबाहेर उभं राहिल्यावर कळलं. भुसावळहून एक मार्ग मुंबईकडे, एक खंडव्या-इटारसीकडे, एक अकोल्यावरून नागपूरकडे जातो, आणि जळगावहून सुरतेची लाइन फुटते. गाड्या दिवसरात्र येतात, त्यामुळे रात्री दोनलाही रिक्षा उभ्या असतात, चहा मिळतो, माणसं जागी असतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाला रात्री मदत मिळण्याच्या दृष्टीने खान्देशात याहून सोयीचं गाव मला दिसलं नाही. जळगाव इथून अवघं पंचवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तिथली मोठी रुग्णालयंही हाताशी. मुलगी सुरतेच्या गाडीत बसली की बदल न करता इथे उतरते. मुलगा महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याहून थेट येतो.

तिसरं कारण यांची माणसं. नोकरीच्या सुरुवातीला हे काही वर्षं भुसावळात होते. त्या वेळचे सोबती निवृत्त होऊन तिथेच राहिले आहेत. रोज संध्याकाळी त्यांचा कट्टा जमतो. त्यातल्या तिघांच्या बायका गेल्या आहेत. हे तिघं कसे राहतात, कुठे जेवतात, डबा कोण देतं, आजारी पडले तर कोण येतं, हे मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी न संकोचता सांगितलं. त्या संध्याकाळी माझा निर्णय बराचसा झाला.

तरी घर लगेच घेतलं नाही. आधी भाड्याने राहिलो, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवून. एप्रिलमध्ये राहायला गेलो, म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही अंगावर घेता आले. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. ४१ दरवाजे आहेत, सगळे उघडले की तापी काय असते ते कळतं. कोणत्या वस्त्यांना तेव्हा काळजी करावी लागते हे त्याच दिवसांत फिरून पाहिलं.

कल्याणचं घर विकण्याआधी कराचा हिशोब समजून घेतला. राहतं घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. विक्रीआधी वर्षभरात घेतलेलं घरही चालतं. ही मुदत मनात ठेवली की भाड्याने राहून बघायला पुरेसा अवकाश मिळतो, घाई होत नाही. उरलेले पैसे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तिची मर्यादा २०२३ पासून एका माणसाला ३० लाख आहे आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यावर येतं, घरखर्चाला ते बरं पडतं.

घर निवडताना दोन गोष्टींवर मी अडून बसले. एक, तळमजला. दुसरी, भाजी, औषधं, किराणा, बँक आणि रिक्षाथांबा या पाचही ठिकाणी मला माझ्या पायांनी, मे महिन्यात, सकाळी नऊच्या आत जाऊन परत येता आलं पाहिजे. नवीन बंगले त्यामुळे आपोआप बाद झाले. मिळालं ते जुन्या वस्तीतलं, दोन मजली, थोडं अंधारं घर. पश्चिमेच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचं घर आहे म्हणून दुपारचं ऊन थेट भिंतीवर येत नाही. अंगणात कडुनिंब आहे. गच्चीला पांढरा रंग दिला, फरक लगेच जाणवला.

यांनी भिंती तपासल्या. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या मातीच्या खाली, मुरमापर्यंत गेलेला नसेल तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा पडतात. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर त्या झाकलेल्या असतात. म्हणून हे प्रत्येक ठिकाणी कपाटामागची आणि जिन्याखालची भिंत बघायचे, तिथे रंग सहसा पोचत नाही.

कागदपत्रांचं काम वकिलांकडे दिलं. मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश, तीस वर्षांचा शोध अहवाल, बँकेचा बोजा आहे का ते. सगळं हाती येईपर्यंत इसारापलीकडे एक रुपया दिला नाही. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर केलं. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ते कारण होतंच. पण खरं कारण यांनीच सांगितलं: "मी गेल्यावर तुला तलाठी, नगरपालिका असे हेलपाटे नकोत." मृत्युपत्रं दोघांनी वेगवेगळी केली.

इथे राहून मला काय कमी पडतं तेही सांगते. अमळनेरचं वाचनालय. तिथलं वातावरण इथे नाही. महिन्यातून एकदा एसटीने बहिणीकडे जाते, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, येताना पुस्तकांची पिशवी भरून आणते. धूळ आहे, रोज दोनदा पुसावं लागतं. गाड्यांचा आवाज यांना अंगाईसारखा, मला अजून नाही. आणि मे महिना कठीणच आहे. पहाटे साडेचारला उठायचं, नऊपर्यंत बाहेरची सगळी कामं उरकायची आणि संध्याकाळी सहापर्यंत दार उघडायचं नाही, असा दिवस लावून घेतला आहे.

घर लागल्यावर आम्ही एक सराव सुरू केला. आलटून पालटून एकाने काही दिवस मुलांकडे जायचं आणि दुसऱ्याने घरी एकट्याने राहायचं. फोन करून विचारायचं नाही, अडलं की वहीत लिहून ठेवायचं. मी सुरतेला गेले तेव्हा यांच्या वहीत होतं: गॅस नोंदवायचा नंबर, नळाचा दिवस, कुकरची शिट्टी, दूधवाल्याचा हिशोब, कामवाल्या मावशींचा पगार किती. हे पुण्याला गेले तेव्हा माझ्या वहीत होतं: इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कुठून घालायचं, मोटर बंद पडते तेव्हा काय करायचं, वीजबिल, आणि बँकेचा ओटीपी यांच्या मोबाइलवर जातो.

ओटीपीचं काम झालं, माझ्या खात्याला आता माझा नंबर आहे. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला फोनवरून कसा द्यायचा ते शिकले. हे कळण्याची भाकरी थापायला शिकत आहेत, ती अजून तुटते, पण पोटभर होते. इन्व्हर्टरचं राहिलं आहे, ते या आठवड्यात.